विणायची सुई आणि नऊ पाती

मित्रांनो, सिलिंडर म्हटले की तुम्हाला स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर आठवेल. तो मी नव्हे. मी एका जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाचा सिलिंडर आहे. बिडाच्या लोखंडात ओतलेला, आतून गुळगुळीत आणि बाहेरून नऊ पात्यांचा. गाडी चालते तेव्हा माझ्या पोटात आग भडकते आणि पिस्टन नावाचा दट्ट्या खालीवर पळत असतो. ती धग अंगातच साठली तर मी त्या दट्ट्याला असा घट्ट आवळून धरेन की गाडी जागच्या जागी थांबेल. म्हणून माझ्या अंगाभोवती थाळ्या रचाव्यात तशी पातळ पाती असतात. त्यांच्यामधून वारा जातो आणि जाताना माझी उष्णता घेऊन जातो. इतर जुन्या वस्तू आपली गोष्ट छाती फुगवून सांगतात. मला ते जमणार नाही, कारण माझ्या गोष्टीत मिरवण्यासारखे थोडे आणि मान खाली घालण्यासारखे फार आहे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. तिथला साचेवाला वाळूत माझा साचा तयार करायचा आणि मग गुडघ्यावर बसून प्रत्येक पात्याच्या फटीत हलकेच फुंकर मारायचा. वाळूचा एक कण अडकला तरी पाते बोबडे निघते, असे तो म्हणायचा. मी थंड झाल्यावर एका चष्मेवाल्या तपासनिसाने मला टेबलावर घेतले आणि छोट्या हातोडीने एकेक पाते वाजवून पाहिले. ज्यांचा आवाज बद्द येई ते परत भट्टीत जात. माझ्या नऊच्या नऊ पात्यांनी खणखणीत उत्तर दिले. तपासनिसाने मान डोलावली आणि मला पुढे सरकवले. मित्रांनो, त्या वयात मला स्वतःच्या आवाजाचा भारीच गर्व होता.

ज्या गाडीवर मी चढलो ती एका गुरांच्या डॉक्टरांनी घेतली. अडलेली गाय, लंगडणारा घोडा, सुजलेल्या कासेची शेळी, कुठूनही बोलावणे येवो, आम्ही निघालो. रस्ते कसले, दगडधोंडेच ते. घरी आलो की चिखल माझ्या पात्यांत गच्च बसलेला असे. डॉक्टरांनी तो काढायला एक नामी हत्यार शोधले होते. त्यांच्या बायकोची, म्हणजे डॉक्टरीणबाईंची, पोलादी विणायची सुई. एका टोकाला त्यांनी फडके गुंडाळले आणि दुसरे टोक उघडे ठेवले. बाईंचा स्वेटर एका बाहीवर अडून बसला, पण सुई काही परत मिळाली नाही.

रोज सकाळी डॉक्टर फडक्याने माझी पाती पुसत आणि झाल्यावर सुईचे उघडे टोक वरून खाली सर्रकन फिरवत. नऊ पाती, नऊ सूर. टिण टिण टिण करत आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाई. तीच त्यांची हाक. बाई औषधांची पेटी आणि डबा घेऊन बाहेर येत. कधी भांडण झालेले असले तर बाई त्या आवाजाला दाद देत नसत. मग डॉक्टर खालून वर सुई फिरवत. असे दोनतीनदा झाले की बाई हसू दाबत बाहेर येत आणि डबा जरा जोरातच त्यांच्या हातात ठेवत.

एकदा एका बैलाने लाथ झाडली आणि माझ्या पाचव्या पात्याचा टवका उडाला, तुमच्या करंगळीच्या नखाएवढा. त्या संध्याकाळी डॉक्टर नीट जेवले नाहीत. त्यांनी बाईंना अंगणात आणून तो टवका दाखवला आणि एखादे पोर पडले असावे तशा आवाजात सगळी हकिगत सांगितली. बाई म्हणाल्या की बैलाने तुम्हाला लाथ मारली असती तर तुम्ही मला इतक्या दुःखाने सांगितले नसते. पण त्या दिवसापासून त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक झाली. या माणसाच्या पोटात माझ्याविषयीचे काहीही लपून राहत नाही.

मग डॉक्टर आजारी पडले, काही दिवस सुई न फिरवताच तसेच कामावर जात राहिले आणि शेवटी त्या दुखण्यातून उठले नाहीत. सुई खिडकीत राहिली. मी पडवीत एका गोणपाटाखाली राहिलो. पावसाळी हवेने माझ्या पोटात गंज धरला आणि पिस्टन चिकटून बसला. काही वर्षे अशीच गेली. एके दिवशी बाईंनी गोणपाट काढले, माझ्याकडे पाहिले आणि डॉक्टरांच्या भाच्याला सांगून गाडी मिस्त्रींकडे पाठवली. गाडी चालू करून द्या, मी स्वतः चालवणार आहे, असा निरोप होता. डॉक्टरांनी त्यांना परसात गोल गोल फिरवून गाडी शिकवली होती, ते भाच्यालाही माहीत नव्हते. तो बघतच राहिला.

मिस्त्री म्हणजे आमच्या गावातले नावाजलेले हात. डॉक्टरांच्या हयातीत माझी देखभाल तेच करत. त्यांच्या कामाची एक रीत होती. गंजलेला सिलिंडर असा घाईने उपटायचा नाही. वरून तेल सोडायचे आणि वाट पाहायची. मग लाकडाचा ठोकळा बुडाशी धरून चारी बाजूंनी हळूहळू ठोकायचे. पात्यांच्या जवळ हातोडी न्यायची नाही, हा तर त्यांचा दंडकच होता. हाताखालच्या कितीतरी माणसांना त्यांनी त्यावरून फैलावर घेतले होते. त्यांनी माझ्यातही तेल सोडले आणि मला मुरत ठेवले. सगळे रीतसर चालले होते, पण तेवढ्यात त्यांचे जावई आले.

लग्नानंतर जावई पहिल्यांदाच राहायला आले होते. चित्रकलेचे मास्तर, स्वभावाने गरीब, कपड्यांना कायम कुठे ना कुठे रंग लागलेला. लेकीने नवऱ्यापुढे आपल्या वडिलांचे इतके गोडवे गायले होते की जावई चहाचा कप हातात घेऊनच कारखान्यात आले आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसले. मिस्त्रींच्या अंगात वारे शिरले. तेल अजून मुरायचे होते. ते त्यांना माझ्यापेक्षाही चांगले ठाऊक होते.

"बघा हं जावईबापू, एका ठोक्यात वर येतो की नाही," असे म्हणून त्यांनी ठोकळा धरला आणि हातोडी उचलली.

ठोकळा तेलकट होता, तो निसटला. हातोडी उसळून वर माझ्या अंगावर बसली आणि वरची तीन पाती एका बाजूने तुटून फरशीवर पडली. दुखले, पण खरे सांगू का, त्या दुखण्यापेक्षा मिस्त्रींचा चेहरा पाहून मला अधिक वाईट वाटले. जावई उठून उभे राहिले होते. मिस्त्रींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, मग तुकडे पायाने बाजूला सारले आणि म्हणाले, "घाबरू नका. ही तीन काढावीच लागतात. त्याशिवाय जुना सिलिंडर निघत नाही."

जावयांनी ते खरे मानले. त्यांना बिचाऱ्यांना काय कळणार? अशीही युक्ती असते तर, असे म्हणून ते कौतुकाने खाली वाकले, तिन्ही तुकडे उचलले आणि त्यांच्या तुटलेल्या कडा निरखू लागले. बिडाच्या मोडल्या जागी साखरेच्या खड्यासारखे कण चमकतात, ते त्यांना फार आवडले. चित्र काढायला घेऊ का, असे त्यांनी विचारले. मिस्त्रींनी घाईघाईने घ्या म्हणून सांगितले. तुकडे जितके लवकर नजरेआड होतील तितके त्यांना हवेच होते.

पुढचे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखे होते. मिस्त्रींनी मला रीतीने उतरवले, आतून घासूनपुसून तयार केले आणि मग दोन कांड्या एकत्र मळल्या की वाळून दगडासारखा घट्ट होतो तो पुटीचा लगदा घेतला. त्या लगद्याची त्यांनी तीन पाती केली आणि माझ्या जखमांवर थापली. कानशीने घासून अशी बेमालूम केली की बोट फिरवले तरी कळू नये. आता रंगाचे काय? माझ्या जुन्या काळ्याला नवा काळा मिळेना. तेव्हा जावई पुढे झाले. काळ्यातही दहा काळे असतात, असे म्हणत त्यांनी थोडा तपकिरी, थोडा राखाडी मिसळून हुबेहूब माझा रंग तयार केला आणि स्वतःच्या कुंचल्याने तो मला लावला. सासरेबुवांना आपली मदत झाली म्हणून स्वारी खुशीत होती.

गाडी जोडून झाली आणि पहिल्या दोनचार किकांत चालूही झाली. पुटीतून उष्णता जात नाही, पण बाकीची सहा पाती शाबूत होती. बाई काही शर्यतीत जाणार नव्हत्या, गाडी चालणार होती. मिस्त्री स्वतःशी हेच पुन्हा पुन्हा म्हणत होते, मी ऐकले. कारखान्यात येणारेजाणारे माझ्याभोवती उभे राहून वाहवा करू लागले. अगदी नवा दिसतो, असे कोणीतरी म्हणाले. मी नवा दिसत होतो, चमकत होतो आणि गप्प होतो. आयुष्यात पहिल्यांदाच कौतुकाने मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे वाटले.

मिस्त्रींना सुईचा रिवाज ठाऊक नव्हता. कसा असणार? तो घरातला, सकाळचा रिवाज. कारखान्यात डॉक्टर कधी सुई घेऊन आले नव्हते.

बाई गाडी न्यायला आल्या. जावई कोपऱ्यात कागदावर काहीतरी रेखाटत होते. बाईंनी माझ्यावरून हात फिरवला, पाचव्या पात्याचा टवका बोटाने चाचपला आणि हसल्या. मग पिशवीतून सुई काढली. मला ओरडावेसे वाटले, नका हो, इथे नका. बाईंनी सुई वर टेकवली आणि खाली ओढली.

थप. थप. थप. टिण टिण टिण टिण टिण टिण.

बाईंचे हसू मावळले. त्यांनी पुन्हा सुई फिरवली, या वेळी सावकाश. तीच तीन पाती बद्द बोलली. ओतशाळेतल्या तपासनिसाने मला तिथल्या तिथे भट्टीत टाकले असते. बाईंनी सुईच्या टोकाने पहिले पाते कोरले आणि रंगाखालून मातकट लगदा डोकावला.

"मिस्त्री, हे काय?" बाईंनी विचारले.

मिस्त्रींनी एकदा कोपऱ्याकडे पाहिले. जावयांची पेन्सिल थांबली होती. त्या एका क्षणात त्यांना खरे बोलता आले असते. जीभ उचलली नाही म्हणा किंवा भलतीकडेच वळली म्हणा.

"ते जुनं आहे वहिनी. आधीपासूनच भरलेलं होतं," ते म्हणाले. "डॉक्टरसाहेबांनीच शेवटच्या आजारपणात कुठेतरी बाहेर करून घेतलं असेल."

जो माणूस आता उत्तर द्यायला येऊ शकत नाही, त्याच्या नावावर त्यांनी ते ढकलून दिले.  बाईंनी पाचव्या पात्याच्या टवक्यावर पुन्हा बोट ठेवले. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एवढासा टवका उडाला तर मला सांगितलं होतं त्यांनी. तीन पाती मोडली ते नाही सांगितलं." त्यांनी सुई पिशवीत ठेवली. गाडी आज नको, इथेच राहू दे, असे सांगून त्या निघून गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले नाही.

मित्रांनो, मी खोटे बोललो नव्हतो. पण ते खोटे माझ्याच अंगावर लिंपलेले होते. ज्या माणसाने मला रोज सकाळी पुसले, त्याच्यावर माझ्यामुळे आळ आला आणि मला एक शब्द काढता आला नाही. लोखंडाला घाम फुटत नाही म्हणून, नाहीतर मी भिजून गेलो असतो.

जावयांनी कागद गुंडाळला. ते काही रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. त्यांनी खिशातून तिन्ही तुकडे काढले आणि टेबलावर एका ओळीत मांडले. म्हणाले, "बाबा, हे तुमच्याकडेच असू द्या," आणि घरात निघून गेले. मिस्त्री कितीतरी वेळ त्या तुकड्यांकडे बघत उभे होते. घरातून जेवायला दोनदा हाक आली, तरी हलले नाहीत. लेक बोलवायला आली तर तिच्याकडे पाठ करून म्हणाले की मला भूक नाही.

बरे, तरी लगेच ते बाईंकडे गेले असे नाही. काही दिवस नुसतेच घालमेलीत गेले. सकाळी कारखाना उघडायचे, माझ्यावर फडके टाकायचे आणि दुसऱ्याच कोणत्या तरी कामाला लागायचे. जावई पाहुणे म्हणून आदराने वागत, चहा हवा का विचारत, पण स्टूल ओढून बसायला पुन्हा आले नाहीत. तेच मिस्त्रींना जास्त लागत असावे. मग डॉक्टरांचा भाचा निरोप घेऊन आला. मामी म्हणते गाडी विकून टाका, कोणी भंगारात घेतली तरी चालेल.

मिस्त्री खाली बसले. भाचा गेल्यावर उठले, फडके बाजूला केले आणि मला गाडीवरून उतरवले. छिन्नीने त्यांनी ती पुटी खरवडून काढली, तिच्यावरच्या सुंदर काळ्या रंगासकट. माझ्या तीन जखमा उघड्या पडल्या आणि मला बरे वाटले. त्यांनी मला गोणपाटात गुंडाळले आणि तुकडे खिशात टाकले. जावई दारात उभे होते. मी येऊ का, असे त्यांनी विचारले.

"या," मिस्त्री म्हणाले. "तुमच्यासमोर बोललो होतो ना. मग हेही तुमच्यासमोरच बोलायला हवं."

बाईंच्या घरी डॉक्टरांचा फोटो भिंतीला तोंड करून ठेवलेला होता. मिस्त्रींनी ते पाहिले. त्यांनी मला टेबलावर ठेवले, शेजारी तुकडे ठेवले आणि उभ्यानेच सगळे सांगितले. तेल मुरायच्या आधी केलेली घाई सांगितली, जावयांपुढची फुशारकी सांगितली आणि ती तीन पाती काढावीच लागतात ही थापही सांगितली. जावयांना त्या थापेचा अर्थ खरे तर कधीच कळला होता, तरी ते खिडकीबाहेर बघू लागले. "डॉक्टरसाहेबांचं नाव मी घेतलं वहिनी, कारण ते काही बोलायला येणार नव्हते," मिस्त्री शेवटी म्हणाले. 

 बाई फोटोपाशी गेल्या, तो सरळ केला आणि पदराने पुसला. फोटोकडे बघूनच बोलल्या. "पाती मोडली त्याचं काही नाही, मिस्त्री. लोखंडच ते. पण इतके दिवस मी या माणसाला मनातल्या मनात खोटारडा म्हणत होते. आणखी काय काय लपवलं असेल, म्हणून जुने दिवस उकरून काढत होते. ते मला परत कसं करून देणार तुम्ही?"

  मग बाईंनी एक तुकडा उचलला, जखमेवर धरून पाहिला आणि जुळेल का असे विचारले. तो तुकडा त्यांनी दुसऱ्याच पात्यावर धरला होता. जावयांनी हळूच पुढे होऊन तो योग्य जागी लावला. बोटाच्या हालचालीने तो असा बसला की क्षणभर मी पूर्वीचाच झालो.

"जुळेल," मिस्त्री म्हणाले. "पितळेनं झाळून देतो. मजबूत होईल, धगही नीट जाईल. पण आवाज तोच येईल असं मी सांगणार नाही."

"मग तसंच सांगा," बाई म्हणाल्या. "आणि सुरू करा."

या वेळी रीत एका केसानेही चुकली नाही. मिस्त्रींनी मला कोळशाच्या शेगडीवर ठेवून हळूहळू तापवले, कारण बिडाला एका जागी एकदम चटका बसला की ते तडकते. सगळे अंग सारखे तापल्यावर जावयांनी चिमट्याने एकेक तुकडा जुळवून धरला आणि मिस्त्रींनी पितळेची कांडी वितळवून फटीत सोडली. पितळ भेगेतून पाझरत आतवर गेले. मग मला गरम राखेत पुरले आणि कोणीही उघडून बघायचे नाही अशी ताकीद दिली. ती ताकीद मिस्त्रींची स्वतःलाच होती. लेक चहा घेऊन आली तेव्हा सासरेजावई राखेच्या ढिगाशेजारी दोन स्टुलांवर बसले होते. फारसे बोलत नव्हते, पण बसले होते.

राखेतून निघालो तेव्हा माझ्या तीन पात्यांवर पिवळ्या रेषा उमटल्या होत्या. मिस्त्रींनी आतली गोलाई तपासली, जरुरीपुरते घासले आणि गाडी जोडली. जावयांनी कुंचला आणला होता, पण तो त्यांनी पिशवीतून काढलाच नाही.

बाई आल्या. सुई काढली. मी पूर्वी कधी घाबरलो नव्हतो इतका घाबरलो. वरची तीन पाती वाजली, पण पूर्वीसारखी नाहीत. सूर जरा खालचा आणि जाडसर आला, मग पुढची सहा तशीच खणखणीत. बाईंनी पुन्हा सुई फिरवली. मिस्त्रींची मान खाली होती.

"सहा त्यांची आणि तीन तुमची," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी किक मारली, पदर खोचला आणि भाच्याला मागे बसवून मला घेऊन गेल्या. भाचा वाटभर डोळे मिटून बसला होता.

आता मी खूप म्हातारा झालो आहे. बाई रोज सकाळी मला पुसतात आणि सुई फिरवतात, जरी त्या आवाजाला पेटी घेऊन बाहेर येणारे कोणी नाही. कधी डागडुजीसाठी कारखान्यात गेलो की त्या आधी तिथेच सुई फिरवतात. त्या तीन खालच्या सुरांना मिस्त्री अजूनही हातातले काम थांबवतात आणि जमिनीकडे बघतात. मीही तेव्हा मान खाली घालतो. पितळेने माझी पाती जुळली, पण फोटो भिंतीकडे तोंड करून होता ते दिवस कशानेही झाळून निघत नाहीत.

म्हणून मित्रांनो, तुमच्या हातून काही मोडले तर तुकडे पायाने सारू नका. ते उचला, ज्याचे असतील त्याच्यापुढे ठेवा आणि काय झाले ते सांगा. माझ्यावरून कोणी सुई फिरवली तरच मला बोलता येते. तुमचे तसे नाही.